पाहुणा नको, लमसेना हवा

गेल्या हिवाळ्यात पश्चिम नागपुरातल्या एका दालनात एका निवासी कलाशिबिराचा समारोप होता. पाच-सहा तरुण कलावंत गोंदिया जिल्ह्यातल्या एका तलावाकाठच्या गावात बारा दिवस राहून आले होते. शिबिराच्या नावात ‘पुनरुज्जीवन’ होतं, ‘आदिम’ होतं, ‘संवाद’ तर होताच. छताला बारीक तारांनी बांबूची एक सुबक वस्तू टांगली होती, तिच्या आत पिवळा दिवा आणि भिंतीवर जाळीदार सावली. गावातल्या चार बायांनाही गाडी करून आणलं होतं. त्यांतली ढिवर या मासेमार समाजातली साठीची एक बाई त्या वस्तूखाली बराच वेळ उभी राहिली आणि बाजूच्या संयोजकाला म्हणाली, “हे उलटं काहून टांगलं जी?”

ते मासे धरायचं सापळं होतं. त्याचं तोंड वाहत्या पाण्याकडे असावं लागतं, इथे ते छताकडे होतं. संयोजक हसून म्हणाला, “मावशी, ते मुद्दामच तसं ठेवलं आहे.” मावशींनी मान डोलावली आणि पदर सावरून चहाच्या टेबलाकडे वळल्या.

मी त्या सावलीचा फोटो काढला होता. छान आला आहे. तेव्हा हे लिहिताना मी फार उंच जागी उभा नाही, हे आधीच सांगून टाकतो.

‘आर्टिस्ट रेसिडेन्सी’ हा प्रकार आता आपल्याकडेही रुळला आहे. कलावंताला नेहमीच्या जागेतून उचलायचं, दुसरीकडे काही दिवस राहायची-खायची सोय करायची, वर थोडं मानधन द्यायचं आणि काम करू द्यायचं. कल्पना चांगलीच आहे. पण अलीकडे या निवासाला दोन मोठी ओझी जोडली जातात. एक जंगल-पाणी पुन्हा उभं करायचं, दुसरं आदिवासी समाजाशी नातं जोडायचं. ही दोन्ही कामं दोन आठवड्यांच्या पाहुण्याची नाहीत. पाहुण्याला आपण चांगली खाट देतो, कोंबडं कापतो, नाच दाखवतो आणि तो गेला की घरातलं भांडण पुढे चालू करतो. पाहुण्यासमोर कुणी तलावाच्या गाळाचा आणि मासेमारीच्या ठेक्याचा वाद काढत नाही.

दुसऱ्याच्या घरी राहण्याची एक वेगळी रीत गोंड समाजातच आहे. मुलीकडच्यांना द्यायला ज्या मुलाजवळ पैसा नसे, तो होणाऱ्या सासऱ्याच्या घरी राहून काही वर्षं शेतात राबायचा. त्याला लमसेना म्हणतात. तो घरातच जेवतो, घरातलीच कामं करतो, पण घरचा अजून झालेला नसतो. रोज त्याची पारख चालू असते. प्रथा काही गोडगुलाबी नव्हती. फुकटचा गडी म्हणून एखाद्याला पिळून घेतल्याच्या गोष्टीही गावोगाव आहेत. तरी निवासाची ही कल्पना मला मोलाची वाटते, कारण तिच्यात हक्क आधी मिळत नाही, तो राबून मिळवावा लागतो. आणि तो मिळाला की नाही हे घर ठरवतं, राहणारा ठरवत नाही. कलावंताने आदिवासी गावात आणि उजाड झालेल्या जंगलात राहायला जायचं असेल तर लमसेना म्हणून जावं, एवढंच मला म्हणायचं आहे.

हे नागपुरात बसून म्हणण्याला कारण आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ च्या सुमारास बारा खेडी जोडून हे शहर वसवलं. महालात गोंड राजाचा किल्ला आजही आहे, पण तिथे जायचा रस्ता विचारला तर दहातले आठ नागपूरकर भोसल्यांच्या वाड्याकडे बोट दाखवतील. राज्याच्या वनविभागाचं मुख्यालय इथे, वनविकास महामंडळाचं मुख्यालय इथे, दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र इथे, शासकीय चित्रकला महाविद्यालय इथे, १८६३ पासूनचा अजब बंगला म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयही इथेच. गडचिरोलीतलं कोणतं झाड तुटणार याची फाईलही इथून फिरते आणि गडचिरोलीतला कोणता नाच मंचावर येणार याची यादीही इथेच बनते. या दोन कार्यालयांत जेमतेम रिक्षाचं अंतर आहे, पण एका टेबलावरचा कागद दुसऱ्या टेबलावर कधी जात नाही.

आणि भिंती पाहा. मार्च २०२३ मध्ये जी-२० च्या निमित्ताने सी-२० ची, म्हणजे नागरी संस्थांच्या गटाची बैठक इथे झाली आणि शहर रंगवून काढलं गेलं. उड्डाणपुलांखाली, कुंपणांवर जिथे ‘आदिवासी’ दाखवायचं होतं तिथे आपण काय काढलं? वारली. ठाणे-पालघरची कला, इथून जवळजवळ आठशे किलोमीटर दूरची. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्या रेषेबद्दल मला अपार आदर आहे, पण गोंडांनी वसवलेल्या शहरात गोंडांचं काय आहे हे शोधायलाही कुणी थांबलं नाही. गोल डोकं, दोन त्रिकोण, तारपा. झाला आदिवासी.

गोंडांचं असं काय आहे, हा प्रश्न मात्र खरा आहे, आणि त्याचं उत्तर आपल्याला वाटतं तितकं सरळ नाही. जगात ‘गोंड चित्रकला’ म्हणून जे ओळखलं जातं ते मुख्यतः मंडला-दिंडोरीकडच्या परधानांचं काम आहे. परधान म्हणजे गोंडांचे गायक. दर तीन वर्षांनी यजमानाच्या घरी जायचं, बाणा हे तंतुवाद्य वाजवायचं, वंशावळ आणि देवांच्या कथा गायच्या आणि धान्य, गुरं, कपडा घेऊन परतायचं. यजमान गरीब झाले, जंगल गेलं, देणं आटलं आणि गाणंही आटत गेलं. १९८१ मध्ये चित्रकार ज. स्वामिनाथन यांनी भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रासाठी माणसं गावोगाव पाठवली, तेव्हा पाटणगडच्या जनगढ सिंह श्याम या कोवळ्या पोराने मातीच्या भिंतीवर काढलेलं चित्र त्यांच्या नजरेस पडलं. तो भोपाळला आला, कागद-रंग हातात आले आणि बाण्यावर गायल्या जाणाऱ्या देवांना त्याने पहिल्यांदा ठिपक्या-रेषांचं अंग दिलं. १९८९ मध्ये त्याची चित्रं पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात लागली. भोपाळच्या विधानभवनात त्याने भिंती रंगवल्या. त्याच्या मागून नातेवाईक आले, गावकरी आले, एक घराणंच उभं राहिलं. त्याला आज ‘जनगढ कलम’ म्हणतात.

म्हणजे ही कला स्वतःच एका अर्थाने निवासातून जन्मली. ‘शहराने आदिवासी कलावंताला बिघडवलं’ असं म्हणणाऱ्यांशी म्हणून माझं जुळत नाही. भोपाळ नसतं तर जनगढ नसता. पण त्याच गोष्टीचा शेवटही विसरता येत नाही. २००१ मध्ये जपानच्या निगाता प्रांतातल्या एका संग्रहालयात चित्रं काढायला तो राहत होता. तिथेच, घरापासून हजारो किलोमीटरवर, त्याने आपलं आयुष्य संपवलं. वय चाळिशीच्या आसपास. नंतर देशातल्या कलावंतांनी प्रश्न विचारले, निषेधाची पत्रं काढली. कोणत्या अटींवर तो तिथे होता? त्याच्या चित्रांवर हक्क कोणाचा? परत यायचं ठरवायचं कुणी? आज चोवीस-पंचवीस वर्षांनी एखाद्या निवासाचं माहितीपत्रक हातात येतं तेव्हा मी हेच तीन प्रश्न घेऊन ते वाचतो. बहुतेकांत जेवण शाकाहारी की मांसाहारी याची माहिती असते, या तिन्हींची नसते.

आता जंगलाकडे येतो, कारण खरी गाठ तिथे आहे. परधानांच्या कथेत गोंडांचा मोठा देव बडादेव रुसून साजाच्या झाडात जाऊन बसतो आणि धाकटा भाऊ बाणा वाजवून त्याला प्रसन्न करतो. साजा म्हणजे आपला ऐन. बाणा वाजवायचा तर समोर ऐन हवा. आता वनविकास महामंडळाचं काम आठवा. १९७४ मध्ये स्थापना झाल्यापासून पूर्व विदर्भातलं मिश्र जंगल साफ करून तिथे रांगेने साग लावण्याचं काम त्याने वर्षानुवर्षं केलं. सरकारी कागदावर सागाची रांग हेही जंगलच. उपग्रहाच्या चित्रातही हिरवंच. पण त्यात मोह नाही, चारोळी देणारा चार नाही, टेंभूर्णी नाही, ऐन नाही. म्हणजे मोहफुलाचा हंगाम नाही, चारोळी नाही, तेंदूपानाचा पैसा नाही आणि देवाला बसायला जागा नाही. २०१९ मध्ये राज्याने ३३ कोटी रोपं लावण्याचा संकल्प केला. त्यातली जगली किती यावर चिक्कार वाद झाला, पण कोणती लावली आणि ती कुणी निवडली यावर तसा झाला नाही.

म्हणून ‘पर्यावरण’ आणि ‘संस्कृती’ हे दोन स्वतंत्र विभाग मानून मग त्यांना कलेच्या दोऱ्याने शिवायला निघालेले प्रकल्प पाहिले की मला जरा हसू येतं. गोंडांची सगा-व्यवस्था पाहा. प्रत्येक कुळाला झाड, प्राणी, पक्षी नेमून दिलेला, त्याला मारायचं-तोडायचं नाही. शिवण आधीपासून आहे. उसवली ती आपण.

ती परत घालता येते याचा पुरावा नागपूरपासून दीड-दोनशे किलोमीटरवर आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागात काही हजार जुने तलाव आहेत. कोहळी समाजाने बांधलेले, गोंड राजांनी उत्तेजन दिलेले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी म्हणजे इकडची जमीनदारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि ‘माजी मालगुजारी’ची आद्याक्षरं घेऊन त्यांना ‘मामा तलाव’ हे नाव पडलं. आमच्याकडची सरकारी विनोदबुद्धी अशी कधीकधी चुकून चमकते. मामा झाले आणि पोरके झाले. पाळी म्हणजे बांध फुटले, गाळ भरला, काठावर बेशरमीची झुडपं माजली. बाहेरून आणलेल्या झटपट वाढणाऱ्या माशांचं बीज सोडलं गेलं आणि मूळचे मासे हटले.

अर्जुनी मोरगावच्या बाजूला मनीष राजनकर आणि त्यांच्या सोबत्यांनी ढिवर समाजाबरोबर हे तलाव हाती घेतले. त्यांच्या जुन्या गटाचं नाव मला फार आवडतं: ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ’. एका श्वासात दोन्ही. त्यांनी यंत्र आणून गाळ उपसण्यापासून सुरुवात केली नाही. म्हाताऱ्या ढिवरांना विचारलं की पूर्वी इथे कोणता मासा होता, तो काय खायचा, अंडी कुठे घालायचा. उत्तर पाणवनस्पतींकडे गेलं. त्या पुन्हा लावायच्या तर आधी बेशरम उपटायची, तलावाचा तळ उन्हाळ्यात नांगरायचा, चांगल्या तलावातून रोपं आणून चिखलात खोचायची. हे काम बायांनी केलं, धान रोवतात तसं कमरेत वाकून. पाण्यात झाडं आली तशी मासळी आली, मासळी आली तसे पक्षी आले.

यात कलावंताला जागा कुठे आहे? एवढं सगळं ढिवरांनीच केलं, मग मध्ये चित्रकार कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि ‘सौंदर्यदृष्टी’ वगैरे उत्तर मला मान्य नाही. खरं उत्तर बस्तरच्या कोंडागावात सापडतं. नवजोत अल्ताफ या मुंबईच्या कलावंत नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून तिथे राजकुमार कोर्राम, शांतीबाई, घेस्सूराम या स्थानिक कलावंतांबरोबर काम करत आहेत. शिल्पं झाली, प्रदर्शनं झाली, पण मला महत्त्वाचे वाटतात ते ‘नलपार’. नलपार म्हणजे हातपंपाभोवतालची जागा. पंप सरकारने बसवला होता, पण भोवती चिखल, सांडपाणी, आणि भरलेला हंडा जमिनीवरून डोक्यावर घेताना बाईचं कंबरडं मोडायचं. या कलावंतांनी गावातल्या बायांशी बोलून ओटे रचले. हंडा मध्ये टेकवून मग डोक्यावर घेता येईल अशा उंचीचे टप्पे केले, सांडपाणी शोषखड्ड्यात जाईल अशी वाट काढली आणि त्यावर आपली चिन्हं, आकृत्या घडवल्या. शिल्प म्हणून पाहा किंवा पाणवठा म्हणून वापरा. हे बारा दिवसांत होत नाही, कारण हंडा उचलताना नेमकं कुठे दुखतं हे बाई परक्याला बाराव्या दिवशी सांगत नाही.

कलावंताजवळ एक गोष्ट असते जी अधिकाऱ्याजवळ आणि शास्त्रज्ञाजवळ सहसा नसते: उपयोग ठरायच्या आधीही वस्तूकडे बघत बसायची सवय. ती सवय तीन पावसाळे एका तलावाच्या पाळीवर बसली तर काहीतरी घडेल. बारा दिवस बसली तर उलटं सापळं टांगलं जाईल.

चित्र हे नुसतं चित्र राहत नाही याचं मला ठाऊक असलेलं सगळ्यात ठसठशीत उदाहरण ऑस्ट्रेलियातलं आहे. पश्चिम भागातल्या ग्रेट सँडी वाळवंटातल्या मूळनिवासींनी १९९७ मध्ये आठ बाय दहा मीटरचा एक कॅनव्हास जमिनीवर अंथरून रंगवला. नाव नगुरारा. त्यात त्यांचे पाणवठे, वाळूच्या टेकड्या, पूर्वजांच्या वाटा. जमिनीवरचा हक्क तपासायला लवाद आला तेव्हा एकेक जण त्या कॅनव्हासवर आपापल्या पाणवठ्यावर जाऊन उभा राहिला आणि आपल्या भाषेत बोलला. चित्र हाच सातबारा झाला. हक्क मान्य व्हायला २००७ उजाडलं, पण झाला.

आपल्या २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांतही पुरावा म्हणून वडीलधाऱ्यांचे जबाब आणि पवित्र स्थळं चालतात. गडचिरोलीत हजाराहून अधिक ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत. मेंढा (लेखा) या गावाने २००९ मध्ये १,८०० हेक्टरांहून जास्त जंगलावरचा हक्क मिळवला, आणि ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्याच्याही आधीपासूनची. हक्क मिळाल्यावर पुढचं काम असतं जंगलाच्या व्यवस्थापनाचा आराखडा. तो बहुतेक ठिकाणी वनविभागाच्या तक्त्यासारखा दिसतो, कारण दुसरा नमुना कुणी दाखवला नाही. कुठल्या नाल्यावर कोणता देव, कुठला मोह कोणत्या घराचा, कुठल्या पठारावर पूर्वी काय उगवायचं, हे त्या तक्त्यात मावत नाही. ते ज्यात मावेल असा कागद, कापड किंवा भिंत गावाबरोबर बसून तयार करणं हे कलावंताचं काम असू शकतं. पुढच्या पिढीच्या पोरांना तो आराखडा वाचता आला पाहिजे, एवढी अट.

यावर माझे चित्रकार मित्र चिडतात. म्हणतात, आम्हाला समाजकार्यकर्ता करू नकोस, कलेला कामाला जुंपू नकोस. त्यांचं म्हणणं मी मानतो. ज्याला एकट्याने अमूर्त चित्रं काढायची त्याने खुशाल काढावीत, त्यासाठीही निवास हवेत. फक्त मग माहितीपत्रकावर ‘पुनरुज्जीवन’ आणि ‘आदिवासी’ छापू नये. शब्दही उसने घ्यायचे आणि कामही टाळायचं, हे चालत नाही. दुसरा आक्षेप अधिक जड आहे, आणि तो एका गोंड मुलानेच मला ऐकवला. तो इथे वसतिगृहात राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतो. म्हणाला, “सर, तुम्हाला आमचं जंगल पाहिजे, आमचं गाणं पाहिजे. आम्हाला काय पाहिजे हे कोणी विचारत नाही.” त्याला तलाठी व्हायचं आहे. आदिवासी म्हणजे शहराच्या प्राणवायूचा बिनपगारी चौकीदार नव्हे. जो निवास गावातल्या एखाद्या पोराला कॅमेरा, संगणक, हिशेब आणि करार वाचणं शिकवून जात नाही, त्याने संस्कृतीच्या गप्पा कमी कराव्यात.

पैशाचं काय, हेही आलंच. लांब मुक्काम महाग पडतो. तरुण कलावंताला तीन वर्षं घरभाडं कोण देणार? देणारे आहेत, अडचण तीच आहे. गडचिरोलीत एटापल्लीजवळ सुरजागडच्या डोंगरावर माडिया आदिवासींचा ठाकूरदेव आहे, दर जानेवारीत यात्रा भरते, आणि त्याच डोंगरात लोहखनिजाची खाण चालू आहे. उद्या अशा एखाद्या खाणीच्या सामाजिक दायित्वाच्या निधीतून ‘डोंगर आणि देव’ नावाचा निवास निघाला तर? सुंदर पुस्तिका निघेल, जाड कागदाची. मी तरी त्यात लिहिणार नाही, असं आज म्हणतो. मानधनाचा आकडा अजून कुणी सांगितलेला नाही.

सरकारचाच पैसा वापरावा, कारण तो आपलाच आहे आणि त्याला जाब विचारता येतो. सांस्कृतिक केंद्र दर हिवाळ्यात हस्तशिल्प मेळा आणि लोकनृत्यांचा सोहळा भरवतं. तिथे कलावंत येतात, नाचतात आणि पाहुण्यांसारखेच परत जातात. त्यातलाच थोडा निधी काढून चित्रकला महाविद्यालयाच्या दोन विद्यार्थ्यांना तीन पावसाळे एका ग्रामसभेकडे पाठवा. पहिल्या वर्षी प्रदर्शन नाही, फोटोही नाहीत. काय करायचं ते ग्रामसभा सांगेल, ठेवायचं की परत पाठवायचं तेही तीच ठरवेल. चित्र विकलं गेलं तर वाटा किती, हे जाण्याआधी लिहून घ्यावं.

आणि उलट्या दिशेनेही गाडी सुटू द्या. १८७० साली बांधलेला आपला अंबाझरी तलाव २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली आणि माणसं गेली. एरवी त्याच तलावावर जलपर्णीची चादर असते आणि ती काढायला यंत्रं येतात-जातात. पलीकडे फुटाळा तलावावर आपण संगीत कारंजं उभारलं आणि कोर्टात भांडलो. नाग नदीसाठी जवळजवळ दोन हजार कोटींची योजना आहे. या एवढ्या पैशात तलावाच्या तळाशी काय उगवलं पाहिजे हे ज्यांना ठाऊक आहे अशा चार ढिवर बायांचं तीन वर्षांचं मानधन बसत नाही का? त्यांना ‘निवासी कलावंत’ म्हणून बोलवा. ‘मजूर’, ‘लाभार्थी’, ‘बचत गट’ यांतल्या कुठल्याही रकान्यात नाही. मुंबईच्या शिल्पकाराला जे मानधन, जो रेल्वेचा डबा आणि पुस्तिकेत नावाचा जो टाइप, तोच त्यांनाही. अंबाझरीच्या काठी त्यांना एक खोली द्या आणि तळाला हात लावायची परवानगी द्या.

त्या संध्याकाळी दालनातून बाहेर पडताना मावशींची गाडी फुटाळ्यावरून जाणार होती. संयोजकाने मुद्दाम तो रस्ता घेतला, बायांना शहर दाखवावं म्हणून. दुसऱ्या दिवशी मी त्याला फोनवर विचारलं, आवडला का तलाव? म्हणाला, “मावशींनी एकच विचारलं. यात मासे कोण धरतं, म्हणे.” त्याला उत्तर माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, आणि मी फुटाळ्यापासून दीड किलोमीटरवर राहतो.